चाकांची पडवी

फेंडर फ्लेअर म्हणजे गाडीच्या चाकावरच्या कमानीला बाहेरून जोडलेला, तीन-चार बोटे पुढे आलेला प्लास्टिकचा किंवा रबराचा पट्टा. चाक कमानीच्या आत असेल तर या पट्ट्याचे काही काम नसते. चाक बाहेर आले असेल, तर त्याने उडवलेला चिखल, पाणी आणि खडी अडवणे हे पट्ट्याचे काम. गावात मात्र कमानीला, पट्ट्याला आणि त्यामागच्या फ्लॅपला मिळून अजूनही ‘मडगाड’ हा एकच शब्द पुरतो. कोकणातल्या वाचकाला हा प्रकार समजायला आकृतीची गरज नाही. भिंतीवर तिरपा पाऊस येतो म्हणून छप्पर पुढे ओढून वळचण करतात, वळचण पुरत नाही म्हणून पडवी काढतात, पडवीत झड येते म्हणून पावसाच्या आधी तिला माडाची झापे लावतात, आणि हल्ली या सगळ्याच्या पुढे खळ्यावर निळ्या पत्र्याची शेड उभी राहते. फ्लेअर ही चाकाची पडवी. घराची पडवी वाढवली तर ग्रामपंचायत विचारते आणि चाकाची वाढवली तर आरटीओ. पण ते पुढे येईल.

या पट्ट्याच्या अभ्यासाला इन्सुलीसारखे सोयीचे गाव नाही. सावंतवाडीहून बांद्याकडे जाणारा जुना मुंबई-गोवा रस्ता इथून जातो, गोव्याची हद्द पत्रादेवीला, म्हणजे बांदा ओलांडले की आलीच. शिवाय राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका इन्सुलीला आहे. त्यामुळे एरवी डोळ्याचे पाते लवायच्या आत निघून जाणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाड्या इथे थांबतात आणि चहा पिता पिता निवांत न्याहाळता येतात. रविवारी संध्याकाळी गोव्याकडून परतणाऱ्या गाड्यांवर चिखल कुठपर्यंत चढला आहे, एवढ्यावरून जाणकार माणूस गाडीची सगळी कुंडली सांगतो. दाराच्या कडीपर्यंत लाल शिंतोडे असतील तर टायर मोठा आहे आणि फ्लेअर नाही. पायरीपर्यंतच असतील तर फ्लेअर आहे आणि नीट बसवलेला आहे. टायर मोठा, फ्लेअर मोठा, छपरावर चार दिवे, आणि चिखल कुठेच नाही, तर गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन दिवस उभी होती.

गाडी बहुधा थार असते. मोठ्या टायरच्या इतर गाड्याही रस्त्यावर आहेत, पण नाक्यावरच्या चहावाल्याच्या लेखी त्या सगळ्या थारच. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये. त्या जीपला पुढे दोन सपाट मडगार्डे होती, इतकी सपाट की त्यांवर नकाशा पसरता येई, जेवणाचा डबा ठेवता येई आणि एखाद्या शिपायाला बसताही येई. टायर जेमतेम सहा इंच रुंद. तेवढ्या टायरवर ती जीप युरोपच्या चिखलातून, आफ्रिकेच्या वाळूतून आणि ब्रह्मदेशच्या जंगलातून फिरली. आज तेवढा अरुंद टायर दाखवला तर थारचा मालक तो स्टेपनीलाही घेणार नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजची जुळणी सुरू केली आणि पुढची साठ वर्षे त्याच घराण्यातल्या गाड्या वेगवेगळ्या नावांनी निघत राहिल्या. २०१० मध्ये थार आली, आणि २ ऑक्टोबर २०२० ला, म्हणजे गांधीजयंतीच्या शांत मुहूर्तावर, तिचा नवा दणकट अवतार बाजारात उतरला. ही नवी गाडी नाशिकच्या कारखान्यात तयार होते. कारखान्यातून येतानाच तिच्या चाकांवर काळ्या प्लास्टिकच्या रुंद कमानी असतात, म्हणजे पडवी मुळातच बांधून मिळते. त्या पडवीला पुढे आणखी एक पडवी काढणे, हा या लेखाचा विषय.

फ्लेअरची गोष्ट टायरपासून सुरू होते. टायरच्या कडेवर २५५/६५ आर १८ असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची कड उंच आहे ते, आणि शेवटचा आतल्या चाकाचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे एकत्र नांदणारी दुसरी वस्तू जमिनीच्या सातबाऱ्याखेरीज सापडणे कठीण. हिशेब केला तर थारच्या वरच्या मॉडेलवरचा हा टायर ७८९ मिलिमीटर उंच भरतो. गाडी घेतल्यावर साधारण तिसऱ्या महिन्यात मालकाला तो लहान वाटू लागतो. गाडी अडली म्हणून असे वाटत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा टायर पाहिल्यामुळे वाटते. मग २८५/७० आर १७ येतो, त्याची उंची ८३१ मिलिमीटर. व्यासात ४२ मिलिमीटरची भर पडली, पण गाडी चाकाच्या मध्यावर, म्हणजे आसावर उभी असते, त्यामुळे जमिनीपासूनची उंची वाढते ती निम्मी, २१ मिलिमीटर. काडेपेटी आडवी ठेवली तर तिच्यापेक्षा थोडी जास्त. एवढ्या उंचीसाठी किती खर्च आला हा प्रश्न घरात ज्या दिवशी निघतो, त्या दिवशी मालक घाटमाथ्यावर गेलेला असतो.

मोठ्या टायरचे बाकीचे परिणाम मालकाला हळूहळू कळतात. चाक एका फेऱ्यात आता पाच टक्के जास्त अंतर कापते, पण ही गोष्ट काट्याला कोणी सांगितलेली नसते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळत असते. सगळ्याच कंपन्या काटा मुद्दाम किंचित जास्त दाखवेल असा लावतात, त्यामुळे मोठा टायर बसवल्यावर काही गाड्यांचा काटा आयुष्यात पहिल्यांदा खरे बोलू लागतो. किलोमीटर मोजणारे यंत्र मात्र नेमके उलटे करते. हजार किलोमीटर पळाल्यावर ते साडेनऊशेच दाखवते. जड टायर फिरवायला डिझेल जास्त लागतेच, त्यात ही हिशेबाची खोट; मग ‘अ‍ॅव्हरेज इतके कसे पडले’ या चर्चेत मालक मिस्त्रीकडे बोट दाखवतो, मिस्त्री पंपाकडे, आणि टायर मात्र काही न बोलता अंगणात उभा असतो.

रुंदीची भानगड उंचीपेक्षा मोठी. टायर ३० मिलिमीटर रुंद झाला, म्हणजे दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा. आतल्या बाजूचे पंधरा मिलिमीटर स्टिअरिंग वळवल्यावर दांड्याला किंवा चॅसीला घासायला लागतात, म्हणून मालक चाकच बाहेर ओढतो. त्यासाठी कमी ऑफसेटच्या रिम घेतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्ट बसतात ती जागा किती आत किंवा बाहेर आहे ते माप. ते कमी केले की चाक बाहेर सरकते. हौशी लोक बेअरिंगवर येणाऱ्या जादा भाराचा विचार न करता त्याहून बाहेर नेतात आणि मग गाडी पुढून पाहिली की पाटावर मांडी घालून बसलेल्या वऱ्हाडी माणसासारखी दिसते, गुडघे दोन्हीकडे बाहेर. मुंबई-पुण्याच्या गाडीवेड्या मुलांत या बाहेर आलेल्या भागाला ‘पोक’ म्हणतात. मराठीत पोक पाठीला येते आणि ते कौतुकाचे नसते, ही गोष्ट त्या मुलांच्या आज्यांना लगेच खटकते.

पोक आले की चिखल कमानीत न अडकता बाहेर निसटतो. चाक जमिनीवर टेकते त्या बिंदूचा वेग क्षणभर शून्य असतो आणि वरच्या बिंदूचा गाडीच्या दुप्पट. गाडी ताशी ६० ने जात असेल तर टायरच्या माथ्यावरचा चिखल १२० ने पुढे निघालेला असतो. कमान असेल तर तो तिच्यावर आपटून खाली पडतो. कमान नसेल तर तो पुढे उडतो, थोडा थांबतो, आणि मागून येणारी त्याचीच गाडी त्याला काचेवर गाठते. म्हणजे उघड्या पुढच्या चाकाची गाडी स्वतःच स्वतःवर चिखल फेकत जाते. बाकीचा चिखल बाजूला जातो आणि कोकणातल्या जून ते सप्टेंबर या काळात बाजूला नेहमी कोणीतरी असते: शाळेत निघालेली पोरे, बाजारातून येणारी बाई, किंवा बजाजच्या एम-एटीवर मासळीची टोपली बांधून निघालेला विक्रेता. जांभ्याच्या लाल मातीचा डाग पांढऱ्या लेंग्यावरून जात नाही, हे कोकणात प्रत्येकाला आईने शिकवलेले असते. म्हणूनच फ्लेअरची पहिली सूचना गॅरेजवाल्याकडून न येता शेजाऱ्याकडून येते. “गाडी घेतलंस ती चिखलात घालूक, आणि आता चिखल आमच्या अंगार?” हे वाक्य एकदा ऐकले की मालक त्याच रात्री मोबाईलवर फ्लेअर शोधू लागतो.

मूळचा हा पट्टा फार लांबून आलेला आहे. अमेरिकेच्या पश्चिमेला आणि मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात वाळवंटी शर्यती सुरू झाल्या, तेव्हा मोठे टायर बसावेत म्हणून गाड्यांच्या कमानीच कापू लागले. कापलेली कड उघडी दिसू नये आणि दगड उडू नयेत म्हणून तिच्यावर फायबर ग्लासचे पट्टे आले. बिल स्ट्रॉप यांनी तयार केलेली बाहा ब्रॉन्को १९७१ मध्ये विक्रीला आली, तीत असे पट्टे मुळातच होते. आपल्या भागात याचा गंभीर अवतार गोव्यात पाहायला मिळतो. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ पासून ऐन पावसात गोव्यात होऊ लागली. त्या स्पर्धेतल्या गाड्या जवळून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना खरोखर चिखलात जायचे असते त्यांनी कमानी आणि बंपर चक्क कापून टाकलेले असतात आणि गाडीवर एकही सुबक गोष्ट उरलेली नसते. चकचकीत, रंगाशी रंग जुळवलेला फ्लेअर हा चिखलात जाऊन परत आल्यावर फोटो काढणाऱ्यांसाठी असतो.

बाजारात फ्लेअरचे प्रकार बरेच. काही सपाट आणि पातळ, मूळ कमानीच्या रेषेला चिकटून जाणारे. काही कमान कापून तिथे बसवायचे. सगळ्यांत जास्त खपतात ते खिसेवाले: पट्ट्यावर ठरावीक अंतरावर खोलगट खाचा आणि प्रत्येक खाचेत चकाकणारा बोल्ट. हे बोल्ट पाहिले की गाडी कुठल्या तरी पुलाच्या कामातून उचलून आणल्यासारखी वाटते. पुष्कळ सेटांत त्यांतले निम्मे बोल्ट फक्त शोभेचे असतात, त्यांच्या मागे काहीच नसते. खऱ्या आणि खोट्या बोल्टांत फरक करायचा असेल तर पहिल्या पावसापर्यंत थांबावे. खरे गंजतात, खोटे गळून पडतात. माल बहुधा एबीएस प्लास्टिकचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो. एबीएस कडक, सफाईदार आणि रंग धरणारे, पण उन्हाने पांढरे पडून ठिसूळ होते. पॉलियुरेथेन लवचीक, झाडाला घासले तर वाकते आणि परत येते. फायबर ग्लास स्थानिक रंगारी दुरुस्त करू शकतो, हा त्याचा मोठा गुण, कारण झाड लवकरच मध्ये येणार असते.

बसवण्याचे काम पावसाच्या आधी करावे असे प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्यक्षात ते मृग लागल्यावर सुरू होते, कारण टायर त्याच सुमारास येतो. पहिली पायरी कोरडी मांडणी. पट्टा कमानीवर नुसता धरून पाहायचा, एका माणसाने धरायचा, दुसऱ्याने मागे सरून डोळा मिटून पाहायचे आणि तिसऱ्याने ‘उजवीकडे थोडं वर’ असे सांगायचे. तिसऱ्या माणसाचा गाडीशी काही संबंध नसतो, तो गॅरेजमध्ये पंक्चर काढायला आलेला असतो. तरी त्याच्या मतावरच पट्ट्याची उंची ठरते. पट्टा चारही चाकांवर एकाच उंचीला यावा म्हणून कमानीच्या माथ्यावर मापटेपने मध्य काढतात, मास्किंग टेप लावतात आणि तिच्यावर पेनने खुणा करतात. हातात पेन असले की प्रत्येक जण आपापली खूण करतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी चुकीच्या खुणा खोडणे ही स्वतंत्र पायरी धरावी.

पुढे भोके. इथे मराठी माणूस दोन गटांत विभागला जातो. एका गटाला नव्या गाडीच्या पत्र्याला ड्रिल लावताना कानात बाळीसाठी भोक पाडलेल्या तान्ह्या नातवाचा चेहरा आठवतो. हा गट दुहेरी चिकटपट्टीकडे वळतो. चांगली अ‍ॅक्रिलिक फोमची पट्टी खरोखर मजबूत असते, पण तिच्या अटी लग्नाच्या मुहूर्तासारख्या असतात. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा हवा, हवेत गारवा नको, पट्टी दाबून बसवल्यावर पूर्ण ताकद यायला सुमारे ७२ तास गाडी कोरडी राहायला हवी. सिंधुदुर्गात जुलैमध्ये सलग ७२ तास कोरडे मिळाले तर माणूस त्यात छप्पर शाकारील, गाडी चिकटवत बसणार नाही. दुसरा गट सरळ ड्रिल उचलतो. त्याने तीन मिलिमीटरचे लहान भोक आधी पाडावे, ड्रिल पत्र्यावर घसरू नये म्हणून ते टेपवरूनच पाडावे, आणि त्याआधी कमानीच्या आत हात घालून मागे काय आहे ते चाचपावे. मागच्या एका कमानीत डिझेल भरायची नळी असते, चाकाजवळ ब्रेकच्या सेन्सरची वायर जाते. ही चाचपणी वगळली तर पुढचे काम फ्लेअरवाल्याचे राहत नाही, इलेक्ट्रिशियनचे होते.

भोकानंतर गंज. पत्र्यावरचा रंग हे त्याचे छप्पर. भोक पाडले की छपराला गळती लागली. शेजारच्या आंबोलीत वर्षाला सातशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वेंगुर्ल्या-मालवणच्या बाजूला खारी हवा. या दोघांच्या मधल्या गावात उघडे लोखंड ठेवणे म्हणजे चतुर्थीला घर उघडे टाकून मुंबईला जाण्यासारखे. भोकाच्या कडेला जस्तयुक्त प्रायमर लावावा, वाळू द्यावा, वर रंगाचा थेंब, आणि स्क्रूखाली रबरी वायसर. कमान कापायची असेल तर आणखी जपावे लागते, कारण मागच्या कमानीत बाहेरचा आणि आतला असे दोन पत्रे काठावर जोडलेले असतात. काठ कापला की दोघे सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी शिरते. ती फट वेल्डिंगने किंवा सांधे भरायच्या लेपाने बंद करावीच लागते. कापलेल्या पत्र्याचा तुकडा मिस्त्री जपून ठेवतो. कुणाच्या तरी डब्याला, कुणाच्या तरी पंपाला तो लागतोच.

आता स्क्रू. मराठी मिस्त्रीची एक अढळ श्रद्धा असते की स्क्रू घट्ट म्हणजे काम पक्के. प्लास्टिक आणि पत्रा या जोडीत ती श्रद्धा चालत नाही. एबीएस तापले की लोखंडाच्या सहा-सात पट वाढते. पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हात तापलेल्या काळ्या पट्ट्यापर्यंत ४० अंशांचा फरक धरला तर मीटरभर लांबीचा पट्टा तीन मिलिमीटरच्या वर लांबतो आणि त्याखालचा पत्रा अर्धा मिलिमीटरही नाही. म्हणून चांगल्या पट्ट्याची भोके गोल नसतात, लांबट असतात, त्यात स्क्रूने थोडे सरकावे अशी अपेक्षा असते. मिस्त्री ते भोक पाहतो, कंपनीची चूक समजतो, दोन वायसर घालून करकचून आवळतो. मे महिन्यात पट्टा मधोमध फुगून पातोळ्यासारखा दिसू लागला, तर समजावे की आवळलेले आहे. खरी रीत अशी: माथ्यावरचा मधला स्क्रू आधी, मग एक इकडचा, एक तिकडचा, असे टोकांकडे जावे; सगळे बसल्यावर एकेक अर्धा फेरा ढिला सोडावा. अर्धा फेरा ढिला सोडायला सांगितल्यावर मिस्त्री ज्या नजरेने पाहतो ती नजर सोसण्याची तयारी ठेवावी. पट्टा आणि रंग यांच्या मध्ये रबरी बीडिंग येते; ती विसरली तर धूळ आणि पट्टा मिळून रंगावर पॉलिश पेपर घासल्यासारखी रेघ पाडतात.

सगळे बसले की परीक्षा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून टायर पट्ट्याला, आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला किंवा बंपरच्या कोपऱ्याला घासतो का ते पाहायचे. सपाट जमिनीवर घासले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. खड्ड्यात एक चाक वर गेले की स्प्रिंग दबते आणि टायर कमानीत चढतो, खरे घासणे तेव्हाच. शहरात यासाठी लोखंडी रॅम्प असतात, कोकणात चिरा असतो. एकावर एक दोन चिरे, वर फळी, त्यावर पुढचे एक चाक चढवायचे आणि मग स्टिअरिंग फिरवायचे. ओल्या चिऱ्याची कड ढासळते, म्हणून फळी विसरू नये. या वेळी गाडीत मालक एकटाच बसतो आणि बाहेर पाच जण वाकून पाहतात. पाचांपैकी तिघांना घासल्याचा आवाज ऐकू येतो, दोघांना येत नाही, आणि मालकाला फक्त आपल्या गाडीचा रेडिओ ऐकू येतो. आवाज आला तर अस्तर कापतात. तरी आला तर लिफ्ट किट घेतात, म्हणजे स्प्रिंगखाली उंची वाढवणारे तुकडे. लिफ्ट किट बसले की गाडी उंच झाली, आणि उंच गाडीला तो टायर पुन्हा लहान दिसू लागतो.

रुंदीचा हिशेब इथे पुरा होतो. दोन्ही बाजूंना सहा-सात सेंटिमीटरचे फ्लेअर धरले तर गाडी अर्ध्या वितीहून जास्त फुगली. महामार्गावर कुणाच्या लक्षात येत नाही. वाडीतल्या पाणंदीत येते. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट, आणि ती वाट आजोबांनी बैलगाडीच्या मापाने सोडलेली. गडग्याच्या दगडाने नव्या फ्लेअरवर पहिली पांढरी रेघ मारली की मालक गाडी घरापर्यंत न्यायचे सोडून देतो आणि हमरस्त्याला लावून चालत येतो. डोंगर चढू शकणारी गाडी आणि घरी पायी जाणारा मालक हे दृश्य त्यानंतर रोजचे होते.

कायद्याकडे आता यावेच लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द विचार करण्यासारखे आहेत. चार फ्लेअर म्हणजे एक बदल की चार, पाच टायर म्हणजे स्टेपनीसकट पाच का, आणि खोटे बोल्ट बदलात धरायचे की दागिन्यात, या शंका मालकाने स्वतःहून अधिकाऱ्याला विचारू नयेत. युरोपात नियमाची दिशा अगदी उलटी आहे. तिथल्या १९७८ च्या निर्देशापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात कमानीने टायर झाकलेलाच हवा. तिथे पट्टा नसणे हा गुन्हा ठरू शकतो, इथे असणे. विमा कंपनी मात्र दोन्हीकडे सारखीच वागते; न कळवलेला बदल तिला अपघातानंतरच सापडतो.

इन्सुलीच्या नाक्यावर हा पट्टा वेगळ्याच नजरेने पाहिला जातो. गोव्याची स्वस्त दारू इकडे येते, कधी चोरकप्प्यांतून येते, आणि अशा कारवायांच्या बातम्या सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत नेहमीच्या. त्यामुळे गाडीत नवी पोकळी दिसली की तपासणाऱ्याचा हात तिच्यावर जाणे ओघानेच आले. बोटाने टकटक केल्यावर फ्लेअर पोकळ वाजतो. हिशेबाने पाहिले तर त्या पोकळीत बाटली मावणे अवघड, आणि मावली तरी टायरने उडवलेली खडी तिला बांद्यापर्यंतही टिकू देणार नाही. तरी प्रश्न येतो: “ह्येच्या आत काय?” मालक म्हणतो, “चिखल.” पट्टा चाचपून पाहिला तर त्याने सांगितले ते शब्दशः खरे निघते, मूठभर लाल चिखल बाहेर येतो. डिकीत चिकटपट्टीसाठी घेतलेली आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली सापडली तर मात्र तिच्यावरचा ‘अल्कोहोल’ हा शब्द आणि ती पिण्याची नव्हे हे समजावून सांगायला बराच वेळ लागू शकतो.

ती मूठभर माती दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. फ्लेअर आणि पत्रा यांच्या मध्ये साठलेला चिखल ओला राहतो, ओला चिखल पत्र्याला महिनोन्महिने भिजवतो, आणि ज्या पत्र्याला फ्लेअरने वाचवायचे तोच आतून खाल्ला जातो. म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाण्याची नळी कमानीच्या आत, वरच्या बाजूने सोडून पट्ट्यामागची माती धुऊन काढावी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर स्क्रू तपासावेत. एखादा सैल झाला असेल तर हाताने बसवावा, मिस्त्रीकडे नेऊ नये. दिवाळीच्या सुमारास पट्टा एकदा पुरता सोडवून मागची बाजू पुसावी, भोकांच्या कडेला लाली आली असेल तर घासून प्रायमर लावावा. काळे एबीएस पांढरे पडू लागले तर बाजारात त्यासाठी खास द्रव मिळतात. खोबरेल तेलानेही दोन दिवस चमक येते आणि तिसऱ्या दिवशी त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि मग गाडी तपासून नव्याने नोंदवावी लागते. २०१० मध्ये घेतलेल्या पहिल्या थारांवर ही वेळ २०२५ पासून येऊ लागली. अशा वेळी लिफ्ट किट निघते, फ्लेअर निघतात, त्यांच्या भोकांत काळ्या रबरी बुचांच्या रांगा बसतात, आणि मूळचे टायर शोधायला सुरुवात होते. ते मागच्या पडवीत एकावर एक रचून ठेवलेले असतात. वरच्या टायरच्या खोबणीत गवत जमलेले असते आणि त्यात खुडूक कोंबडी अंडी घेऊन बसलेली असते. तिला उठवायला घरात कोणी तयार होत नाही. अंडी उबायला २१ दिवस लागतात. आरटीओची तारीख त्यानंतरची घ्यावी.